पांदणीतल्या मारोतीची खोळ

मोरबी (गुजरात)
ता. २२ मे २०२४

सुरभीताईले गोपालचा नमस्कार.

मी इथी बरा आहो. तू बरी नाईस हे मले माहीत आहे, म्हणून "तू बरी असशील" असं लिहीत नाई. ऊन आपल्या सेलूसारखंच आहे, भट्टीची गरमी वरून वेगळी. भाजीत साखर घालतात. बाकी ठीक.

तू माहा नंबर बंद करून ठेवला. काल मी काजलच्या फोनवरून लावला. काजल म्हणजे इथल्या कारखान्यात टाइला तपासाची खोली आहे, तिथी कामाले आहे ती पोरगी. तू "हॅलो" म्हटलं, मी "ताई" म्हटलं, तू कट. काजल म्हणाली, "तेरी बहन तो बड़ी फास्ट है." चार पोट्टे उभे होते, सगळे हासले. म्हणून पत्र लिहून राह्यलो. फोन कापता येते. पत्र तू न वाचता फेकणार नाईस. तू तर भज्याच्या पुडीचा कागद बी सरळ करून वाचत जाय.

अक्षराकडे पाहू नको. नववी सोडल्यापासून मी एवढं सलग काही लिहिलं नाई.

आता मले सांग, माही चूक काय?

होळीच्या आधी गावातून बापूरावचा फोन आला. म्हणे, "गोपाल, तू टाइलच्या गावात राह्यतं अन् वावराच्या वाटेवरचा आपला पांदणीतला मारोती अजून मातीच्या ओट्यावर बसून राह्यला. तुले बरं वाटते का?" मले बरं नाई वाटलं. इथी भट्टीतून टाइला बाहेर येतात तिथी मी उभा राह्यतो, कोपरा उडालेल्या बाजूले काढतो. त्या कोपरा उडालेल्या टाइला साहेबाले मांगितल्या. साहेब म्हणे, देवासाठी पाह्यजे ना, ने. नागपूरले जाणाऱ्या एका ट्रकवाल्याले हातापाया पडून सेलूत उतरवाले लावल्या. बापूरावनं ओटा बांधला, टाइला बसवल्या, वरून टीनाचं छप्पर टाकलं, अन् संगमरवराची पाटी लावली. "टाइल्स सौजन्य : गोपाल नत्थूजी डेकाटे, मोरबी." आईनं पाटीचा फोटो पाठवला. माहं नाव याआधी फक्त शाळेच्या फळ्यावर आलं होतं, गडबड करणाऱ्या पोरायमध्ये. मी तो फोटो कारखान्यात सगळ्यायले दाखवला. ज्यायले मराठी येत नाई त्यायले बी.

मग हनुमान जयंतीले गावानं ठरवलं का ओटा नवा झाला तर देव बी नवा दिसला पाह्यजे. वर्षानुवर्षाच्या शेंदराची ती चार बोटं जाड खोळ काढली अन् ऑइलपेंट मारला. कोणी काढली? बाबानं काढली, बापूरावनं काढली, पांडेपुऱ्यातल्या पोरायनं काढली. मी होतो का तिथी? मी इथी टाइला निवडून राह्यलो होतो.

अन् तीन हप्त्यानं तू तुह्या पीएचडीच्या प्रमोदिनी मॅडमले घेऊन गाडीनं आली, पांदणीत उतरली, मारोती पाह्यला अन् ओट्यावर बसून रडली. आईनं सांगतलं मले. तुह्या मॅडमनं ओटा पाहून "छान केलाय" म्हटलं, चहा घेतला. तू नाई घेतला. बाबाले सगळ्यायसमोर तू जे बोलली ते मी लिहीत नाई, तुले माहीत आहे.

त्याच दिवशी तू मले फोन केला. "गोप्या, तू माहं सगळं काम टाइलखाली गाडलं." अन् बंद.

ताई, कोणतं काम?

मी टोमणा मारून नाई राह्यलो, खरंच विचारून राह्यलो. लोक मले विचारतात, तुही बहीण काय करते? मी सांगतो, नागपूरले मोठ्या संस्थेत आहे, पीएचडी करून राह्यली. कशात? धुळीत. लोक हासतात. मी बी हासतो, मले पुढं काही येत नाई. तू दिवाळीले घरी येते, डोळे मिटून झोपते, चिवडा खाते, परत जाते. त्या मारोतीपाशी तुहं काही काम आहे हे तू आईले सांगतलं? बाबाले? बापूरावले? मले तर नाईच. अन् आता म्हणते मी गाडलं. जे दाखवलंच नाई ते आम्ही गाडलं कसं?

खोळ नदीत गेली, असं बाबा म्हणते. देवाची खोळ जमिनीवर टाकत नाई, वाहत्या पाण्यात सोडतात, हे तुले माहीत आहे. त्याच्यावर मी आणखी काही लिहीत नाई.

उत्तर देजो. शिव्या दिल्या तरी चालन.

तुहा,
ज्याच्या नावाची पाटी लागली तो गोपाल


मोरबी
ता. २ जून

सुरभीताई, नमस्कार.

पत्र पोचलं असन. नसन पोचलं तर हे पोचन. उत्तर नाई म्हणून मी थांबणार नाई, मले थांबणं जमत नाई हे तुले लहानपणापासून माहीत आहे.

आईचा फोन आला होता. म्हणे, सुरभी सोडून देते म्हणते. मॅडमनं तुले सांगतलं आहे का जुलैच्या आत नवीन काही भेटलं नाई तर विषय बदलावा लागन, अन् चार वर्षं गेल्यावर आता तू विषय बदलणार नाईस. वर्ध्याले कोणत्या तरी क्लासमध्ये पोरायले विज्ञान शिकवशील म्हणे.

ऐकून माहं डोकंच फिरलं. सोडते? ताई, सोडणं माहं काम आहे. मी नववी सोडली, पुणं सोडलं, सुरत सोडलं, हैदराबादचं तर सामान बी तिथीच सोडलं. घरात एक सोडणारा पुरे आहे. तू कोठून हे शिकली?

मग मी ठरवलं का आधी पाहू तरी, तू सोडून काय राह्यली. काजलले म्हटलं, माह्या बहिणीचं नाव टाकून मोबाइलवर काही निघते का पाह्य. निघालं. तुमच्या संस्थेनं टाकलेला व्हिडिओ आहे, जानेवारीतला. जवान जवान शास्त्रज्ञ पोरं एकामागून एक येतात, चार मिनिटांत आपापलं काम सांगतात, घंटी वाजली का उतरतात. तू सातवी. निळ्या साडीत. मी तुले साडीत पाह्यलं नव्हतं, आधी वाटलं दुसरी कोणी आहे.

सगळं इंग्रजीत. मले काय समजणार? पण तुह्या मागच्या मोठ्या पडद्यावर आपला मारोती आला, ताई. आपली पांदण, आपल्या वावराच्या धुऱ्याचा बांध, अन् शेंदराची वाटी धरलेला एक हात. तो बाबाचा हात आहे, वाकड्या बोटावरून ओळखला. मी जेवण सोडून उभा राह्यलो. सगळ्यायले ओरडून सांगतलं, "ये मेरा बाप है!" पोट्टे म्हणे, "कहाँ? हाथ ही तो दिख रहा है."

अन् तेवढ्यात तू काही तरी बोलली अन् अख्खा हॉल हासला.

मारोतीवर हासला का बाबावर, मले कळेना. मी तेवढा तुकडा पुन्हा पुन्हा लावला. तू बोलते, थांबते, ते हासतात, तू बी हासते. जेवणाची सुट्टी संपली, साहेबानं हाक मारली, तरी मी तेच पाहून राह्यलो. माह्या कानात दिवसभर तेच. टाइला निवडताना दोन चांगल्या फेकल्या अन् एक फुटकी पुढं गेली.

दुसऱ्या दिवशी काजलनं बसून मले सगळं हिंदीत सांगतलं. ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकली आहे, मग बाप वारला. तुह्या आधीच्या पोरायचं बी सांगतलं. तो चष्मेवाला मिहिर म्हणते का चंद्रावर ना वारा ना पाणी, म्हणून तिथली धूळ ज्या दिवशी बसली तशीच बसून आहे, कोणी झाडत नाई. शाल्मली नावाची ती उंच पोरगी म्हणते का पृथ्वी हळूहळू थकून राह्यली, दिवस लांब होऊन राह्यला. मी म्हटलं हे तर मले आधीपासून माहीत आहे, आमची पाळी संपतच नाई. काजल म्हणे, "चुप, सुन."

मग तुहं. मी समजलो तसं लिहितो, चुकलं तर सांगजो.

दरवर्षी मारोतीले तेलातला शेंदूर लावतात. तेल चिकट. वर्षभर हवेतून जे पडते ते त्याच्यावर चिकटते. पुढच्या वर्षी वरून नवा शेंदूर, मागचं सारं आत बंद. जुन्या भिंतीवर चुन्याचे थर बसतात तसं. दुष्काळाच्या वर्षाची धूळ वेगळी, कापसाच्या पऱ्हाट्या जाळल्या त्याची राख वेगळी. अन् आकाशातून बी पडते. वर दगड जळतात, त्यायचे डोळ्याले बी दिसणार नाई असे लोखंडाचे गोल दाणे रोज सगळीकडे पडून राह्यले, आपल्या छपरावर, डोक्यावर. ते दाणे कोणत्या वर्षी किती पडले हे तुले त्या खोळीतून मोजायचं होतं. म्हणजे आपल्या गावात जिवंत माणसाले आठवत नाई तिथपर्यंतचं आकाश त्या शेंदरात जमा होतं.

अन् आपलाच मारोती काऊन? कारण बाकी सगळ्या देवायवर छप्पर आहे. आपल्या मारोतीवर कधी छप्परच टिकलं नाई, कोणी बी टाकलं तर वाऱ्यानं उडून गेलं, म्हणून गावानं नाद सोडला. खाली पडलेली शेंदराची एक खपली तू उचलून नेली, तिच्यात दाणे भेटले, अन् तू ठरवलं का मे महिन्यात मॅडमसमोर पुरी खोळ आरपार कापून घ्यायची.

ताई, मी खरं सांगतो. तिले मी ते दोनदा सांगाले लावलं. अन् लगेच भल्ला राग आला. एवढं मोठं काम आपल्या पांदणीत होतं अन् मले ते काजलनं सांगावं? गुजरातच्या, वांकानेरच्या पोरीनं?

मग मी तिले विचारलं, ते हासले काऊन?

ती सांगत नव्हती. मी लय मागं लागलो. तू म्हटलं होतं, "माझ्या घरचे सांगतात, देव आमच्यावर खूश आहे, म्हणून जाड होतोय. मी फक्त त्याचं खाणं तपासायला आले."

हे आईचं बोलणं आहे. तुले आठवते का ते कधीचं आहे? तू बारावी पास झाली तेव्हाचं. तिनं मारोतीवर हात ठेवून म्हटलं होतं, "भरून राह्यला पाह्य, खूश आहे आपल्यावर." तिच्या डोळ्यात पाणी होतं. अन् तू ते हॉलमध्ये नेलं अन् त्यायले हासवलं.

मी काजलवरच ओरडलो. ती म्हणे, "हँसना बुरा था क्या? तेरे को इसलिए लगा क्योंकि तू वहाँ नहीं था." मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाई. ती बी नाई बोलली. मग तिनंच येऊन म्हटलं, "अपनी माँ से पूछ, उसको बुरा लगता है क्या."

मी आईले व्हिडिओ दाखवला, फोनवरून, आडवातिडवा धरून. अन् त्या वाक्याचा अर्थ सांगतला. मले वाटलं ती गप बसन. ती एवढी हासली का तिले ठसका लागला. मग डोळे पुसून म्हणते कशी, "बराबर म्हणते पोरगी. मंग काय खाते म्हणे मारोती?"

मी म्हटलं, आकाशातून लोखंड पडते, ते खाते.

"लोखंड? बाप्पा! पोट नाई दुखत त्याचं?"

मग म्हणे, "अन् मंग बापूरावनं टीन काऊन टाकलं? उपाशी मरन ना तो."

ताई, तुह्या त्या हॉलमध्ये एवढे शिकलेले बसले होते. त्यायच्यातल्या कोणी हे विचारलं होतं का, मले माहीत नाई. मले एवढंच माहीत आहे का आई विचारून राह्यली अन् तिले सांगाले तू नव्हती, मी होतो. मी अर्धवट. ती विचारत गेली, ते दाणे गोलच काऊन, लोखंड वरून पडते तर लागत काऊन नाई, अन् मी फक्त "माहीत नाई, माहीत नाई" म्हणत राह्यलो.

तू म्हणशील, सांगतलं असतं तर गावानं देव कापू दिला असता का? मले माहीत नाई. नसता दिला बी. पण आता तर तेही विचाराले जागा राह्यली नाई.

दुसऱ्या दिवशी आई बापूरावकडं टीन काढा म्हणून सांगाले गेली. बापूराव म्हणे, "कोकिळाबाई, आता देवाचं खाणंपिणं तुम्ही ठरवान का?" आता दोघायचं बोलणं बंद आहे. आपल्या घरात बोलणं बंद करणाऱ्यायची लाइन लागली आहे.

नदीचं तू मले काही विचारू नको. मी सांगू शकत नाई.

क्लासची नोकरी धरू नको. एवढंच.

गोपाल


मोरबी
ता. ९ जून

ताई,

हे पत्र स्पीड पोस्टानं टाकून राह्यलो. पुरं वाच. मधातच उठून पळू नको. काजल म्हणत होती, मी माह्या फोनवरून चार शब्द टाकते, पत्राच्या भरवशावर काऊन राह्यतं? मी नाई म्हटलं. चार शब्द वाचून तू तशीच पायात चप्पल घालून निघशील अन् पुन्हा तेच करशील जे मे महिन्यात केलं. म्हणून पुरं वाच, मग निघ.

खोळ नदीत गेली नाई.

बाबानं तुले खोटं सांगतलं. अन् मले शपथ घातली, स्वतःची. त्याच दिवशी, तू परत गेली त्याच्यानंतर. मले सगळं तेव्हापासून माहीत आहे. आधीची दोन पत्रं मी त्याच्या आजूबाजूनं फिरून लिहिली. तुह्यावर राग होता म्हणून गप राह्यणं सोपं गेलं, हे बी खरं आहे.

हनुमान जयंतीले खोळ काढली तेव्हा बाकीचे पोट्टे लोखंडाची सब्बल घेऊन फोडाले निघाले होते. बाबानं हटकलं. म्हणे, देवाचं अंग आहे, असं कोणी फोडते का. सकाळच्या उन्हात शेंदूर नरम पडू दिला अन् खुरप्यानं कडेकडेनं सोडवत आणला. बाजूच्या खोळीचे तुकडे झाले. पण पुढची पुरी एका अंगानं निघाली. आईनं पाह्यली आहे. म्हणते, आतून मारोतीचं तोंड उमटलेलं आहे, उलटं, खोलगट, नाक-डोळे सगळे. आपण कोणीच ते तोंड कधी पाह्यलं नव्हतं, ताई. आपल्या आबायनं बी नाई. शेंदराच्या मागं ते कसं होतं हे त्या दिवशी पह्यल्यांदा दिसलं.

मग वाजतगाजत बोर नदीवर गेले. अन् बोरले पाणी कुठं? चैत्रात तिथी रेतीच असते. तू रडण्याच्या भरात होती, नाई तर तुह्या ध्यानात आलं असतं का बाबा नदीचं खोटं बोलून राह्यले. विहिरीत सोडता येत नाई, लोक पितात. रेतीत ठेवता येत नाई, जनावरं येतात. म्हणून ठरलं का नदीले पाणी येईपर्यंत खोळ आपल्या वावरात राह्यन. कडूनिंबाच्या खांदीले पोत्यात बांधून टांगली आहे, जमिनीले लागू नाई म्हणून. बाबा रोज सकाळी जाऊन दोरी पाह्यते.

तू आली तेव्हा तू ज्या जागेवर बसून रडली, तिथून तो कडूनिंब दिसते.

अन् बाबा सांगणारच होते. आईले त्यायनं म्हटलं बी होतं, पोरगी चहा घेईन मग दाखवतो. तेवढ्यात तू उठली अन् म्हटलं, "बाबा, तुम्हाले काही समजते का? अडाण्यासारखं सगळं खरवडून टाकलं." मॅडमसमोर, बापूरावसमोर, ज्या पोरायनं सब्बल आणली होती त्या पोरायसमोर. ज्या माणसानं एक तुकडा बी मातीत पडू दिला नाई, त्याले. मग त्यायनं म्हटलं, गेली नदीत. अन् वावराकडं निघून गेले.

मले फोनवर म्हणे, "गोपाल, पोरगी लय शिकली रे. बरं झालं. आता तिले आपलं काही लागत नाई. तू तिले सांगशील तर माही शपथ आहे."

ताई, बाबा फोनवर रडले नाई. ते रडले असते तर मले बरं वाटलं असतं. मले त्यायचा बी राग आला. ज्या पोरीचा एक टोला सहन होत नाई तिची चार वर्षं झाडाले टांगून ठेवाची, हा काय न्याय झाला? मी हे त्यायले म्हटलं नाई. तुले बी म्हटलं नाई. मी इथी टाइलायले शिव्या देत राह्यलो. साहेब म्हणे, गोपाल, टाइल को क्या सुनाता है, उसने क्या किया?

काल आईनं सांगतलं का वरच्या अंगाले पाणी झालं, बोरच्या रेतीत ओल आली. बापूरावनं डफडेवाल्यायले सांगून ठेवलं आहे. धार सुरू झाली का त्याच दिवशी खोळ सोडायची. किती दिवस आहेत, देवाले माहीत.

आता कसं करायचं ते ऐक. मी तुह्याहून लहान आहो, नववीतून पळालेला आहो, तरी ऐक.

मॅडमले आणू नको. हातोडा, डबे, पिशव्या काही आणू नको. सिंदी टेसनावर उतर, तिथून ऑटो कर, अन् घरी न जाता सरळ वावरात जा. बाबा तिथीच असतात. मारोतीले नमस्कार कर का नको करू, तुही मर्जी. पण टाइलायकडं पाहून तोंड वाकडं करू नको, त्या मी निवडल्या आहेत.

बाबाजवळ बस. खोळीचं नाव पह्यले काढू नको. तू हॉलमध्ये जे चार मिनिटांत सांगतलं ते बाबाले सांग. घंटी नाई वाजणार, दिवसभर सांग. आपल्या भाषेत सांग. तो मिहिर काय करते, शाल्मली काय करते, तुम्ही सगळे एकमेकायले काय सांगता, का सांगता. आईले बी बोलाव, तिचे सवाल अजून तसेच पडून आहेत अन् मले तिनं फोनवर पकडलं का माहा घाम निघते. ते दाणे गोल काऊन, हे तिले पाह्यजेच आहे.

अन् लपवू नको. काहीच लपवू नको. तुले खोळ कापावी लागन, मधातून, तोंडातूनच, कारण तिथीच ती सगळ्यात जाड आहे. ते मशीनमध्ये दळून जाईन, परत येणार नाई. हे सगळं त्यायले ऐकू दे. मग मांग.

ते हो म्हणतील, असं मी लिहू शकत नाई. मले माहीत नाई. त्यायच्या मनात देवाचं किती अन् तुह्या बोलण्याचं किती, हे मले इथून दिसत नाई. आई म्हणते, अर्धी नदीले अन् अर्धी पोरीले द्यावी. बाबा ते ऐकून दोरी पाह्याले निघून गेले. पण तू आपल्या तोंडानं अर्धीचा सौदा करू नको. त्यायले द्यायची असन तर ते आपल्या मनानं देतील.

अन् नाई म्हटलं तर नाई. भांडू नको, रडून घेऊ नको, अन् "तुम्हाले काय समजते" तर बिलकुलच नको. डफडं वाजन तेव्हा त्यायच्यासंगं नदीवर जा अन् तुह्या हातानं सोड. मग दुसरा मारोती शोध. महाराष्ट्रात एक का गाव आहे? बिनाछपराचा देव कुठं तरी अजून असन. पण तिथं गेली तर गावाले आधी सांग, मग संस्थेले.

मी येणार नाई. सुट्टी मांगितली तर भेटन, पण मी आलो का बाबा माह्याकडं पाहून बोलतील, तुह्याकडं पाहून नाई. अन् शपथ मोडली म्हणून त्यायचं तोंड मी लगेच पाहू शकत नाई. त्यायले तू सांग, गोपालनं सांगतलं म्हणून. झाडाले टांगलेलं दिसलं, आईच्या तोंडून निघालं, असं काही बनवू नको. आईवर येऊ देऊ नको.

मी हे लिहून राह्यलो तर काजलनं विचारलं, शपथ तोड़ने से बाप को कुछ होता है क्या? मी म्हटलं, आमच्याकडं होते म्हणतात. ती म्हणे, मग काऊन टाकतं? मी पाकिटावर तुहा पत्ता लिहून ठेवला.

हे वाचून झालं का मले फोन करत बसू नको. सिंदीची गाडी पकड.

बाबाची शपथ मोडून,
तुहा गोपाल